मोबाइलचा कारखाना नेमका कशाने बुडतो?

रीफ्लो (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परवा दुसऱ्या एका धाग्यावर "मजुरी स्वस्त म्हणून मोबाइलचे कारखाने भारतात आले" असं कुणीतरी लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते फार लांबलं. म्हणून हे वेगळं बिऱ्हाड.

आधी माझी ओळख. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून २००८ साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गेलो, एका मोठ्या ब्रँडला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत. मग नोएडा. दहा वर्षं एसएमटी लाइनवर (बोर्डावर बारीक पार्ट बसवणाऱ्या मशिनांवर) काढली. आता पुण्याजवळ गाड्यांसाठी सर्किट बोर्ड बनवतो. मोबाइलवाल्यांशी देणंघेणं उरलेलं नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

ज्यांनी लाइन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: कोऱ्या बोर्डावर जाळीतून सोल्डर पेस्ट मारतात, मशिन तांदळाच्या कणीहून बारीक पार्ट रिळांतून उचलून धडाधड बसवतं, बोर्ड भट्टीतून जातो, कॅमेरा सोल्डरिंग तपासतो. इथवर माणूस लागतो तो रिळं बदलायला आणि मशिन अडलं की धावायला. गर्दी असते पुढे: पडदा, बॅटरी, कॅमेरा जोडणं, चाचण्या, आयएमईआय (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक) टाकणं, डबाबंदी. या सगळ्या मजुरीचा फोनच्या खर्चातला वाटा किरकोळ. पैसा जातो पडदा, प्रोसेसर, मेमरी आणि कॅमेऱ्यात. मजुरी निम्मी झाली म्हणून फोन निम्म्यात पडत नाही.

मग फरक कशाने पडतो? माझं मत असं की मोबाइल हा नाशवंत माल आहे. मेथीची जुडी समजा. सकाळी वीसची, संध्याकाळी दहाची, दुसऱ्या दिवशी गाईला. समजा १०,००० रुपयांच्या फोनमागे कंपनीला ४०० रुपये सुटतात. दोन महिने माल गोदामात पडला, तेवढ्यात समोरच्याने नवं मॉडेल काढलं आणि तुम्हाला हजार रुपये उतरवावे लागले, तर त्या एका फोनने अडीच फोनांचा नफा खाल्ला. आणि तयार फोनच शिळा होतो असं नाही. गोदामातला पडदा, मेमरी, ठराविक मॉडेलसाठी काढलेलं मागचं झाकण, सगळंच शिळं होतं. मॉडेल बंद झालं की त्या झाकणाचं करायचं काय?

दुसरी गोष्ट यील्ड, म्हणजे शंभरातला किती माल पास होतो ते. समजा प्रत्येक टप्प्यावर ९९.५ टक्के माल पास होतोय. ऐकायला झकास वाटतं. पण असे २० टप्पे ओळीने लावा, पहिल्या फटक्यात पास होणारे फोन उरतात शंभरात नव्वदच. बाकीचे दहा रीवर्कच्या (दुरुस्तीच्या) टेबलावर. तिथे बसलेली अनुभवी मुलं-मुली म्हणजे कारखान्याचं खरं सोनं, आणि पगाराच्या यादीत ती दिसतही नाहीत.

तिसरी गोष्ट पुरवठा. याचं माझं आवडतं उदाहरण जुनं आहे. १७ मार्च २०००, अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अल्बुकर्कीत वीज पडली आणि फिलिप्सच्या चिप कारखान्यात छोटी आग लागली. दहा-एक मिनिटांत विझलीसुद्धा. पण धूर आणि पाण्याने क्लीन रूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) खराब झाली. तिथल्या चिप नोकिया आणि एरिक्सन दोघांच्याही फोनमध्ये जायच्या. फिलिप्सने दोघांनाही कळवलं, साधारण आठवड्याभराचा उशीर. नोकियाच्या माणसांना ते पटलं नाही. ते फिलिप्सच्या मागेच लागले, दुसऱ्या कारखान्यांतली क्षमता मागून घेतली, काही चिप दुसऱ्या पुरवठादाराकडून होतील असा बदल केला. एरिक्सन शब्दावर विसंबून बसली, शिवाय त्यांच्याकडे दुसरा पुरवठादारच नव्हता. त्यांना सुमारे ४० कोटी डॉलरच्या विक्रीवर पाणी सोडावं लागलं, आणि २००१ मध्ये मोबाइलचा धंदा सोनीबरोबर भागीदारीत न्यावा लागला. आगीखेरीजही कारणं होती हे मान्य. तरी दोन कंपन्या, एकच आग, एकच निरोप. फरक इतकाच की एकाने निरोप ऐकून फोन ठेवला आणि दुसऱ्याने उलट फोन लावला.

इथे दुकानदार, सीए, परदेशातले कुणी असतील तर जरूर लिहा. माझं ज्ञान भट्टीपासून डब्यापर्यंतच.

---

रिचार्जवाला
*भाजीवालाच बोलतोय*

दादा, मेथीच्या जुडीचं एकदम पटलं. बार्शीत २००९ पासून दुकान आहे. मायक्रोमॅक्सचा सुवर्णकाळ या डोळ्यांनी पाहिलाय. त्यांचा महिनाभर चार्जिंग टिकणारा फोन आला तेव्हा आमच्याकडे खेड्यात अर्धा दिवस लाइट नसायची. लोक टेम्पोतून उतरून थेट "ते महिन्याची बॅटरीवालं द्या" म्हणायचे. गिऱ्हाईक ओळखलं होतं पठ्ठ्यांनी. २०१४ च्या शेवटी एका पाहणीत स्मार्टफोनमध्ये त्यांनी सॅमसंगलाही मागं टाकलं होतं.

मग काय झालं ते सांगतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. पोरं दुकानात येऊन पहिला प्रश्न काय करायची? "फोर जी हाय का? जिओ चालतंय का?" आणि आमच्या शोकेसमध्ये सगळा थ्री जी माल. एका देशी कंपनीचे (नाव नको) ३४ पीस माझ्याकडं होते. दोन महिन्यांत नोटाबंदी. रोखीचं गिऱ्हाईकच बंद. कंपनीने किंमत उतरवली, पण प्राइस प्रोटेक्शनचे (किंमत उतरली की दुकानातल्या जुन्या मालावरच्या फरकाचे) पैसे देतो देतो म्हणत डिस्ट्रिब्युटरने कंपनीवर ढकललं, कंपनीने डिस्ट्रिब्युटरवर. पुढच्या वर्षी डिस्ट्रिब्युटरच बदलला. माझे पैसे कुठं गेले ते पांडुरंगाला माहीत.

त्याच काळात व्हिवो-ओप्पोवाले आले. फुकट बोर्ड लावून दिला, दुकानात त्यांचा पोरगा उभा केला, स्कीमचे पैसे वेळेवर. सांगा, मी कुणाचा फोन पुढं करणार? कारखान्यात कितीही चांगला फोन बनू द्या, काउंटरवरचा माणूस "याच्यापेक्षा ते घ्या" म्हणाला की संपलं.

---

टवाळ_पुणेकर

धागा वाचनखूण साठवला आहे. रिचार्जवाले, ३४ पीसचं पुढे काय झालं?

---

ताळेबंद
*थोडा मतभेद*

धागाकर्त्यांचं लेखन आवडलं, पण नाशवंत माल हे अर्धंच चित्र आहे. मी सीए आहे, इलेक्ट्रॉनिक्समधल्या दोन-तीन छोट्या कंपन्यांची कामं पाहिली आहेत. भारतातल्या मोबाइल उत्पादनाचं नशीब आधी कराच्या तक्त्यात ठरलं, मग लाइनवर.

२०१५ च्या अर्थसंकल्पाकडे बघा. आयात फोनवर १२.५ टक्के प्रतिशुल्क (देशी उत्पादन शुल्काच्या तोडीचा आयातीवरचा कर), आणि इथे जुळवलेल्या फोनवर कच्च्या मालाची वजावट न घेतल्यास अबकारी (उत्पादन शुल्क) फक्त १ टक्का. या फटीतून पहिले जुळणी कारखाने उगवले. जीएसटी आल्यावर ती फट बुजली, तेव्हा सीमाशुल्क लावलं. फेब्रुवारी २०१८ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेलं. जुलै २०२४ मध्ये १५ वर आणलं. दरम्यान एप्रिल २०२० मध्ये पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या सरकारी प्रोत्साहनाची योजना आली. ४०,९५१ कोटींची योजना, वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन.

आता हे ४ ते ६ टक्के म्हणजे किती, ते जुळणी करणाऱ्या कंपनीच्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्याच्या नावाचे फोन बनवणाऱ्या कंपनीला शंभर रुपयांच्या उलाढालीवर तीन-चार रुपये सुटले तर ती खूश असते. म्हणजे सरकारी प्रोत्साहन जवळपास तिच्या नफ्याएवढंच. ते मिळवायचं तर दरवर्षी ठरलेली गुंतवणूक आणि ठरलेली वाढीव विक्री दाखवावी लागते. पहिल्याच वर्षी कोविडमुळे बहुतेकांचं उद्दिष्ट हुकलं आणि मुदत वर्षाने वाढवावी लागली.

अशा धंद्यात मार्जिन बघूच नका, पैसा किती वेळा फिरतो ते बघा. ३ टक्के मार्जिन, पण भांडवल वर्षात दहा वेळा फिरलं तर धंदा उत्तम. चार वेळा फिरलं तर व्याजातच गेला. (हो, हे लिहिताना लक्षात आलं की मी धागाकर्त्यांचीच मेथी आकड्यांत मांडतोय. असो.)

---

कंदिल

पण ताळेबंद साहेब, कराने कारखाना उभा राहतो तसा मरतोही. नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना आठवा. २००६ मध्ये सुरू झाला, हजारो लोकांना काम. २०१३ च्या जानेवारीत आयकरवाले आले, दोन हजार कोटींच्या वरची मागणी, मालमत्तेवर टाच. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय घेतला तेव्हा वादामुळे हा कारखाना सौद्याबाहेर राहिला. १ नोव्हेंबर २०१४ ला कुलूप. जगातला एक मोठा कारखाना आपण कागदांत मारला.

---

उत्तरध्रुव
*फिनलंडमधून*

कंदिल, इथे थोडं थांबूया. मी बारा वर्षं फिनलंडमध्ये आहे. नोकियाचा सालो नावाच्या गावातला कारखाना २०१२ मध्येच बंद झाला. तिथे कुठला भारतीय आयकर अधिकारी गेला होता? गावात कुणाच्याही घरी चहाला गेलात तरी (चहा नाही हो, इथे कॉफी, दिवसातून सहा वेळा) घरातलं एखादं माणूस नोकियात होतं असं निघायचं.

खरं दुखणं मालात होतं. २००७-०८ च्या सुमारास जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांतले जवळपास चार नोकियाचे. ११०० सारखा टॉर्चवाला फोन, २५ कोटींच्या वर खपला. कारखाने, पुरवठा, खर्चावरचा ताबा, या सगळ्यात ते जगात अव्वल होते. धागाकर्त्यांनी दिलेली आगीची गोष्ट त्याच कंपनीची ना? मग ही अव्वल साखळी तिला का वाचवू शकली नाही?

कारण आयफोन आणि अँड्रॉइडनंतर गिऱ्हाईक फोन घेत नव्हतं, ॲप घेत होतं. नोकियाच्या फोनमधली सिंबियन ही प्रणाली त्यासाठी बनलेलीच नव्हती. फेब्रुवारी २०११ मध्ये नवे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी 'आपण जळत्या फलाटावर उभे आहोत' अशा अर्थाचं अंतर्गत पत्र लिहिलं, ते फुटलं, आणि लगेच विंडोज फोन जाहीर केला. म्हणजे जुना माल जळतोय हे दुकानदाराला सांगितलं, आणि नवा माल यायला वर्ष संपत आलं. मधल्या काळात सिंबियन फोन कोण घेणार? श्रीपेरुंबुदूरमध्ये मुख्यत्वे साधे फोन बनत होते. सौद्यानंतर ते मायक्रोसॉफ्टसाठीच बनायचे. तिने मागणी थांबवल्यावर कर असता काय, नसता काय.

---

रीफ्लो

@उत्तरध्रुव, माझ्या सिद्धान्ताला चांगलंच भोक पाडलंत. मान्य. साखळी कितीही तेल घातलेली असो, गाडी भलत्या गावाला निघाली असेल तर ती तिथे वेळेवर पोचेल इतकंच. पण कराचा वादही नगण्य नव्हता. तो नसता तर कारखाना दुसऱ्या कुणी लगेच घेतला असता. पुढे चार्जर बनवणाऱ्या सॅलकॉम्पने ती जागा घेतली, तोवर बरीच वर्षं गेली. त्या दिवसांत आमच्या कंपनीतल्या शिफ्ट तीनच्या दोन, दोनची एक झाल्या. माझ्याबरोबरची तमिळ मुलं कपड्यांच्या दुकानांत, पेट्रोल पंपावर लागली. मायक्रोस्कोपखाली ०४०२ साइजचा (जेमतेम मिलिमीटरभर लांब) पार्ट हाताने बदलणारी मुलगी साडीच्या दुकानात घड्या घालत होती. ते कौशल्य पाच वर्षांनी परत गोळा करायला लागलं.

@रिचार्जवाला, तुमचं ऐकून लाज वाटली. आम्ही 'डिस्पॅच झालं' म्हणजे 'विकलं गेलं' असं समजून टाळ्या वाजवायचो.

---

तळेगावकर

या सगळ्यात महाराष्ट्र कुठे? ऑगस्ट २०१५ मध्ये आयफोन जुळवणाऱ्या तैवानच्या फॉक्सकॉनशी करार झाला, ५ अब्ज डॉलर, ५० हजार नोकऱ्या, तळेगावचं नाव. आमच्या भागात गुंठ्यांचे भाव रातोरात चढले. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी ते होणार नाही म्हणून सांगून टाकलं. आपल्याकडे कारखाना आधी जमिनीच्या दलालाकडे सुरू होतो.

---

ताळेबंद

तळेगावकर, राजकारणात न शिरता एकच सांगतो. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडासुद्धा नाही, कांदेपोहे आहेत. आणि फॉक्सकॉन तमिळनाडूत रमली याचं कारण तिथे नोकियामुळे आधीच पुरवठादार, बंदर, विमानतळ, प्रशिक्षित मुली आणि हे सगळं समजणारे सरकारी अधिकारी होते. मेलेल्या कारखान्याच्या मुळांवर नवा उगवला.

तसं रांजणगावला एलजीने २००५-०६ च्या सुमारास जीएसएम फोन बनवले होते, हे किती जणांना आठवतंय? एप्रिल २०२१ मध्ये एलजीने जगभरातूनच मोबाइल बंद केला, सहा वर्षांत साधारण साडेचार अब्ज डॉलर तोटा सोसून. फोन वाईट नव्हते. वरून ॲपल-सॅमसंग, खालून चिनी, मध्ये जागाच नाही.

---

सावली
*माणसांबद्दल कुणी बोलेल का?*

मी आठ वर्षं या क्षेत्रात एचआरमध्ये आहे, दक्षिणेत. रीफ्लोदादा, मजुरी किरकोळ हे खरं, पण माणूस किरकोळ नाही. लाइनवर बहुतांश मुली, १९ ते २४ वयाच्या, लांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या. नवीन मुलीचा हात बसायला काही आठवडे लागतात. ती तीन महिन्यांत गावी गेली की तुमची ९९.५ टक्क्यांची यील्ड ९८ वर येते. आणि ती का जाते? पगारापेक्षा होस्टेल आणि जेवणामुळे.

डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळ नरसापूरला विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात तोडफोड झाली. हजारो माणसं झपाट्याने भरली होती, पगार आणि हजेरीची व्यवस्था त्या वेगाने वाढली नव्हती. काहींचे पगार चुकले हे कंपनीने कबूल केलं, ॲपलने नवं काम थांबवलं. २०२३ मध्ये तो कारखाना टाटांनी घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या मुलींना होस्टेलच्या जेवणातून विषबाधा झाली, मुली रस्त्यावर बसल्या, कारखाना काही आठवडे बंद. वरणभाताने थांबवलेली लाइन होती ती. त्यानंतर होस्टेल हा विषय संचालकांच्या बैठकीत गेला. २०२४ मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगालला तमिळनाडू सरकारने जवळपास १८,७०० जणींचं वसतिगृह उभं केलं, तेही याच क्षेत्रासाठी.

---

कंदिल

आणि सॅमसंगचा तो ३७ दिवसांचा संप?

---

सावली

तो २०२४ चा, श्रीपेरुंबुदूरचा. पण तिथे टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन बनतात. त्यांचे मोबाइल नोएडात.

---

दावाकर्ता

पेटंटचा उल्लेखच नाही? फाइव्ह जी फोन बनवायचा तर चिप आणि पेटंटवाल्या क्वालकॉमचा जाहीर दर मल्टिमोड (जुनी नेटवर्कंही पकडणाऱ्या) फोनच्या किमतीच्या ३.२५ टक्क्यांपर्यंत (किंमत ४०० डॉलरपर्यंतच धरून). हा एकाच कंपनीचा. ताळेबंद सांगताहेत तो तीन-चार टक्के नफा आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा. २०१३ मध्ये एरिक्सनने पेटंटवरून मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं, २०१४ च्या डिसेंबरात तिच्याच दाव्यावर न्यायालयाने शाओमीची विक्रीही तात्पुरती थांबवली होती. फोन बनवायचा सोडून एरिक्सन त्यावर भाडं घेते आहे. आगीत हरलेली तीच ती कंपनी.

---

रीफ्लो

दावाकर्ता, हा शेवटचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. वा!

एक उदाहरण राहिलं म्हणून लिहितो. २०१६ चा गॅलेक्सी नोट ७. बॅटऱ्या पेट घ्यायला लागल्या, २५ लाख फोन परत बोलावले, बदली फोनही पेटले, ११ ऑक्टोबरला मॉडेलच बंद. चौकशीत निघालं की दोन पुरवठादार, दोघांच्या बॅटरीत दोन वेगळे दोष. म्हणजे 'दुसरा पुरवठादार ठेवा' हा मी वर शिकवलेला धडा पाळूनही घात झाला. घाईत आणलेल्या पर्यायाची तपासणी तेवढीच घट्ट लागते. तरी सॅमसंग बुडाली नाही, कारण मेमरी आणि पडदे तीच बनवते, इतरांनाही विकते. एक चूल विझली तरी घरात दुसऱ्या चुली पेटलेल्या होत्या. आपल्या देशी ब्रँडांकडे ती एकच चूल होती, आणि लाकडं चीनमधल्या शेनझेनहून यायची.

२०२५ मध्ये केंद्राने सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना काढली, ती याचसाठी. बोर्ड, कॅमेरा मॉड्यूल, डिस्प्ले मॉड्यूल इथे बनले तर काही खरं. माझ्या जुन्या मित्रांना त्यात कामं मिळताहेत. एक जण म्हणाला, "मशिन आलं, ते चालवून दाखवणाऱ्या चिनी इंजिनिअरचा व्हिसा अजून यायचाय."

---

टवाळ_पुणेकर

रिचार्जवाले, ३४ पीस?

---

रिचार्जवाला

सांगतो सांगतो. १९ तोट्यात काढले. ६ मोडीत काढले. ४ पाहुण्यांत वाटले, त्यांनी वर्षभर तोंड फिरवलं. २ घरात, म्हातारीला त्यावर भजनं लावून दिलीत. एक उंदरानं कुरतडला, खोटं नाही सांगत. उरलेले दोन अजून ड्रॉवरमध्ये सीलपॅक आहेत. मागच्या महिन्यात एक जण आला होता, म्हणाला त्याच मॉडेलची बॅटरी पाहिजे, आजोबांना दुसरा फोन वापरता येत नाही. म्हटलं, बॅटरी कशाला, आख्खा फोन घ्या दोनशेला. तर म्हणतो, नको, त्यात त्यांचे नंबर नाहीत.